ट्यूबला चावणारा ड्रायव्हर

"डोळे मिटा! सगळ्यांनी डोळे मिटा! तो आलाय!"

कानबाबा ओरडला आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली झाडून सगळी माणसं डोळे मिटून गप्प उभी राहिली. त्यांत ट्रकवाले होते, स्कूटरवाले होते, टाय लावलेला एक साहेबही होता. माझी आई होती आणि वहिनीही. मी तेवढी डोळे उघडे ठेवून बघत होते. मी दातांची डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत बसल्यावर भले भले डोळे मिटतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण पंक्चर काढताना डोळे मिटणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्यांची शिसारी येत होती.

पत्र्याचं दुकान, घरघरणारा कॉम्प्रेसर, अर्ध्या कापलेल्या पिंपात काळं पाणी. वर पाटी, 'येथे ट्यूबचे दुःख ऐकले जाईल.' पुढच्या वळणावर म्हणे पूर्वी कधीतरी एक ट्रक ड्रायव्हर मेला होता. त्याचा आत्मा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाकाला चावायचा. कानबाबा ट्यूब बाहेर काढून थोडी फुगवायचा, तिला कान लावायचा आणि किती चावे पडलेत ते पाण्यात न बुडवताच सांगायचा. त्या वेळी मृताला मान म्हणून सगळ्यांनी डोळे मिटायचे, नाहीतर तो चिडतो.

"बोल बाळा, बोल," कानबाबा ट्यूबला म्हणत होता. "कुठं दुखतंय? इथं? अरेरे, इथंही?" त्याचा डावा कान रबराला चिकटलेला होता आणि उजव्या हातातलं ओलं फडकं ट्यूबवरून फिरत होतं. ट्यूबचा ताप उतरवायला म्हणे! मग त्यानं मान वर केली. "पाच! पाच चावे. विज्ञान जिथं थांबतं ना, तिथं माझा कान सुरू होतो."

ट्यूब पिंपात बुडाली. पाच ठिकाणांहून बुडबुडे आले. गर्दीनं 'आहाहा' केलं. टायवाल्या साहेबानं तर चक्क हात जोडले.

ती ट्यूब वहिनीच्या व्हॅनची होती. वहिनी मुलांना शाळेत नेते-आणते. दादाच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तो अंथरुणाला खिळलाय आणि घर त्या व्हॅनवर चालतं. गेल्या काही आठवड्यांत या वळणावर तिचं चाक पुन्हा पुन्हा बसत होतं. प्रत्येक वेळी चार-पाच चावे, तितकी ठिगळं, वर शांतीच्या तेलाचे वेगळे पैसे. एवढ्यावर भागलं असतं तरी मी एक वेळ दातओठ खाऊन गप्प बसले असते. पण आज कानबाबानं वहिनीकडे बघून मान हलवली.

"ताई, खरं सांगू? बाईच्या हातात चाक आहे, ते त्याला खपत नाही. आज ट्यूबला चावतोय, उद्या आतल्या लेकरांवर जाईल. गाडी काढून टाका. माझ्या ओळखीत घेणारा आहे. किंमत कमी देईल, पण तुमच्या डोक्याचा ताप जाईल."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आई लगेच म्हणाली, "मी तेच म्हणते आहे. बोलवा त्याला."

मला राहवलं नाही. मी टायर जवळ ओढला आणि आतून बाहेरून बोट फिरवून बघितलं. पोकळ्या शोधणं हाच माझा धंदा आहे. टायरमध्ये एकच खिळा होता आणि त्याचं एकच भोक. वळणाच्या जरा आधी लाकडी खोकी बनवणारा कारखाना आहे, तिथून निघणाऱ्या ट्रकमधून वळणावर खिळे सांडतात, हे कुणीही खाली बघितलं असतं तर दिसलं असतं. म्हणजे चाक बसण्याचं कारण खरं होतं, फक्त त्यात भूत नव्हतं.

"बाबा, टायरला एकच भोक आहे," मी म्हटलं. "मग आतल्या ट्यूबला पाच कशी? चावणारा टायर न फाडता आत शिरला कसा?"

कानबाबा गोड हसला. "आत्म्याला दार लागतं का, मॅडम?"

गर्दी हसली. टायवाला साहेब माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याच्या ट्यूबला चावले होते. त्याची ती ओशट श्रद्धा मला बघवेना. हा माणूस ऑफिसात प्रत्येक कागदावर शंका काढत असणार आणि इथं रस्त्यावर स्वतःची अक्कल त्यानं त्या पिंपात बुडवून ठेवली होती.

घरी आल्यावर रणकंदन झालं. आई म्हणाली, घेणारा परवा येतोय. दादा छताकडे बघत म्हणाला, "व्हॅन गेली तर आपण खायचं काय, ते त्या आत्म्यालाच विचारा." वहिनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होती. मी तिच्यामागे गेले.

"ताई, मलाही आता भीती वाटायला लागलीये," ती म्हणाली. "वळण आलं की पाय ब्रेकवरच जातो. मुलं बसलेली असतात हो मागे."

"भीती वाटू दे. पण गाडी विकण्याआधी एकदा तरी डोळे उघडे ठेवून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी अंगणात व्हॅनचं जादा चाक खोललं. वहिनीनं पहारीनं टायर उचकटला, आम्ही ट्यूब फुगवली आणि कपडे धुवायच्या टबात बुडवून इंच इंच फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. आईला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"घरी नाही चावत तो," आई म्हणाली. "वळणावर चावतो."

"बरं. मग हे चाक रस्त्याला लागूच द्यायचं नाही. तुझ्या पायाशी ठेवू. तूच सांभाळ."

आम्ही ट्यूब परत टायरमध्ये बसवली, हवा सोडून दिली आणि चाक आईच्याच चादरीत गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवलं. आई त्याच्यावर दोन्ही पाय घट्ट रोवून बसली. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून तिनं ते चाक पोटच्या पोरासारखं जपलं. दुकानाच्या आधी मी चादर काढली.

"बाबा, वळणावर पुन्हा बसलं," मी म्हटलं. भूत उतरवायला एवढं खोटं मला चालतं.

कानबाबानं ट्यूब बाहेर काढली, फुगवली. "डोळे मिटा! तो आलाय!" गर्दीनं डोळे मिटले. आईनंही मिटले. वहिनीनं या वेळी मिटले नाहीत. मी तिच्याकडे बघत होते, ती फक्त त्या फडक्याकडे बघत होती.

"अरेरे, बाळा! आज फार भुकेला होता रे तो!" फडकं फिरलं. "चार! चार चावे."

ट्यूब पाण्यात गेली आणि बरोब्बर चार ठिकाणांहून बुडबुडे आले. गर्दीनं 'आहाहा' केलं. आईनं डोळे उघडले, बुडबुड्यांकडे बघितलं आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अहो, पण हे चाक रस्त्याला लागलंच नाही," ती म्हणाली. "घरी मी स्वतः बघितलं, एक भोक नव्हतं. सगळ्या वाटेत मी पाय ठेवून बसले होते त्याच्यावर."

कानबाबाला उत्तर सुचायला फार वेळ लागला नाही. "मग तो गाडीतच शिरलाय, आई! आता तर विकाच, आजच्या आज..."

त्याचं वाक्य संपायच्या आत वहिनीनं त्याच्या हातातलं फडकं हिसकावलं आणि मुठीत आवळलं. दुसऱ्या क्षणी ती कळवळली. तिच्या तळव्यातून रक्त आलं. तिनं फडकं उलगडलं, तर आतल्या घडीत, बुचात खोचून शिवलेली, पोती शिवायची जाड सुई होती. नुसतं टोक बाहेर होतं.

"हा त्याचा दात," वहिनी म्हणाली. तिनं सुई सगळ्यांसमोर धरली.

"भुताचेही दात पडतात वाटतं, बाबा?" मी म्हटलं. "हा एक तेवढा शिल्लक दिसतोय. बरं, एक काम करा. दुसरी ट्यूब देते. हात मागे बांधा आणि नुसता कान लावून सांगा किती चावे आहेत ते."

"कान असा मागणीप्रमाणे चालत नसतो," तो पुटपुटला आणि कॉम्प्रेसरमागे काहीतरी शोधायला लागला.

वहिनी मात्र थांबली नव्हती. "त्या मेलेल्या ड्रायव्हरचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "कुणाचा कोण होता? घरी कोण होतं त्याच्या?" तिनं गर्दीकडे बघितलं. "तुम्ही रोज त्याच्यासाठी डोळे मिटता ना? सांगा की."

कुणालाच माहीत नव्हतं. कानबाबालाही नाही. असा माणूस त्या वळणावर मेला तरी होता का, हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. सुईपेक्षा मला याचीच जास्त किळस आली.

आणि तेवढ्यात टायवाला साहेब पुढे आला. "पण मॅडम, माझ्या ट्यूबला सहा निघाले होते. बाबांनी आधीच सांगितले होते, सहा म्हणजे सहाच!"

"अहो, ज्यानं सहा वेळा टोचलं त्याला सहा माहीत नसतील तर कुणाला असतील?"

साहेबानं टायची गाठ सैल केली आणि आपल्या गाडीकडे गेला. त्याला पटलं की नाही, देव जाणे. ट्रकवाल्यांना मात्र पटलं होतं. त्यांनी कानबाबाला कॉम्प्रेसरमागून ओढून बाहेर काढलं तेव्हा मला वहिनीला घेऊन मध्ये पडावं लागलं आणि पोलिसांना फोन लावावा लागला. त्याला मार खाताना बघायची मला हौस नव्हती. त्यानं सुई फिरवली हे खरं, पण डोळे त्यानं कुणाचे हातानं मिटले नव्हते. ते आपले आपणच मिटले होते.

वाटेत आईनं घेणाऱ्याला फोन लावला. "गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "चालवणारी आहे घरात." वहिनीकडे तिनं बघितलं नाही, पण तिच्या जखमी हाताला आपल्या पदराची चिंधी बांधली.

वाचणाऱ्यांनो, ही कथा तुम्हाला वेडगळ वाटेल. आपण नाही बुवा डोळे मिटत, असं तुम्ही म्हणाल. मग पंक्चरवाला काम करत असताना तुम्ही फोनमध्ये का बघत असता? चाक खोलण्याआधी दर विचारा. काम चालू असताना चाकापाशी उभे राहा आणि त्याच्या हाताकडे बघा, बोलण्याकडे नाही. प्रत्येक भोक पाण्यात दाखवायला सांगा आणि त्या भोकासमोर टायरला भोक आहे का ते स्वतः बोटानं चाचपा. आत रुतलेला खिळा मागून घ्या. प्रामाणिक कारागीर तुम्हाला हे सगळं हसत दाखवेल, माझ्या ओळखीत असे पुष्कळ आहेत. जो चिडेल, आत्मा, नशीब आणि ग्रह यांच्या गोष्टी सांगेल, त्याच्याकडून चाक उचला आणि पुढे जा.

दुसऱ्या दिवशी वहिनी मुलांना घेऊन त्या वळणावर आली. मुलांना सवयच लागली होती. "काकू, डोळे मिटायचे ना?" मागून एकीनं विचारलं.

"अजिबात नाही," वहिनी म्हणाली. "रस्त्यावर खिळे दिसतात का बघा, आणि दिसले की मला सांगा."