शालूबाईचे कोरडे डोळे

त्रेचाळीस सालच्या माघात शालूबाईची आई वारली. सांगलीजवळच्या सासरहून ती नवऱ्याबरोबर, लालासाहेबांबरोबर, वाईला माहेरी गेली. सोबत धाकटी सवत बनूही होती. आईचं तोंड बघून शालूबाईनं तिचे पाय धरले, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. डोळे नुसते लाल झाले, वाळू गेल्यागत खुपू लागले. आणि बनू, जिनं म्हातारीला दोनदाच पाहिलेलं, ती पदर भिजेपर्यंत रडली. भावकीतल्या बाया तिचीच समजूत काढत बसल्या.

ते शालूबाईला झोंबलं. नवरा वाटून घेतला, चूल वाटून घेतली. आता आईचं रडूसुद्धा या पोरीनंच घ्यावं?

पंधरवड्यात कळलं, बनूला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. मग गावच्या बाया आडून म्हणू लागल्या की सवतीचं सुख बघवत नाही म्हणून थोरलीचे डोळे जळतात. शालूबाईला आठवलं, ही आग बनू नांदायला आली त्या वर्षापासूनचीच. आणि घरात काजळ कोण पाडतं? बनूच. एका सकाळी तिनं काजळाची डबी उकिरड्यावर भिरकावली.

"हिनं ह्यात कायतरी घातलंय," ती लालासाहेबांना म्हणाली. "मला आंधळी करायची हाय हिला."

बनूनं डबी उचलून आणली, त्यातलं काजळ स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत घातलं आणि नवऱ्याला सांगितलं, "अक्कास्नी सांगलीला दाखवून आणा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगीत औषध घालून भिंगातून पाहिलं. बुबुळांवर बारीक ओरखडे होते. लालासाहेबांना बाहेर बसवून त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली? दोन-अडीच वर्षं झाली, शालूबाई खाली बघत म्हणाली. मग धीर करून तिनं विचारलं, "बाई, सवतीवर जळल्यानं असं हुतं का?"

"नाही. पाळी आणणारे रस अंगात असतात, ते या वयात आटतात. काही जणींच्या डोळ्यांतलं पाणीही तेव्हा कमी होतं, आणि पापणी कोरड्या बुबुळावर घासते."

एरंडेलाचे थेंब घेऊन ती घरी आली. वाटभर तिला हलकं वाटलं, आणि मग लाजही वाटली. डोळ्यांचं कारण वेगळं निघालं होतं. जळणं मात्र होतं तिथंच होतं.

थेंब घालताना तिची पापणी मिटायची, तेल गालावर ओघळायचं. चौथ्या दिवशी बनूनं न विचारता तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे मिटून शालूबाई म्हणाली, "माझ्या आईसाठी येवढी का रडलीस?"

"मला आईच आठवत न्हाई, अक्का. तुमी माहेरी निघाला की मला लय हेवा वाटायचा."

शालूबाईनं दुसरा डोळा तिच्याकडे वळवला.

दोन महिन्यांत ओरखडे भरले. श्रावणात बनूला मुलगा झाला, तेव्हा सगळ्या बाया पोराभोवती जमल्या. शालूबाईला पुन्हा झोंबलं. ती तशीच चुलीपाशी गेली, आणि बाळंतिणीसाठी तूप-भात कालवून घेऊन आली.