वीतभर फट

खाणीतून निवृत्त झालेल्या सर्व्हेअरसाहेबांच्या सहीला घरात भारी मान. बायको होती तेव्हा म्हणायची, यांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीने सातवीत असताना प्रगतिपुस्तकावर त्यांची सही ठोकली, तेव्हा मार्कांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. खोट्या सहीबद्दल मात्र तिला तासभर ऐकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याच्या आदल्याच वर्षी साहेबांनी एका धडधडीत खोट्या कागदावर सही केली होती, आणि ते आता त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तीच लेक आता वन्यजीवांची पाहणी करायची. जुन्या डोंगरात नवी खाण निघणार होती, तिच्या ट्रकसाठी रस्ता होणार होता, आणि त्या रस्त्याने कुणाकुणाचं घर मोडेल याचा अहवाल तिला द्यायचा होता. कुणाचं म्हणजे साळिंदराचं, घुबडाचं, रानमांजराचं. पंधरा दिवस माहेरी मुक्काम ठोकून तिने डोंगर पिंजून काढला होता.

रविवारी जेवताना ती सांगत होती की, वटवाघळं संध्याकाळी ओढ्यावर शेकड्यांनी येतात, पण राहतात कुठे ते काही सापडत नाही. डोंगरापलीकडून येत असतील, तसंच लिहून उद्या अहवाल पाठवते. रस्त्याचा भराव जुन्या खाणीच्या बोगद्यावर पडेल, पण तो तर बंदच आहे.

"वरच्या तोंडाशी जाऊन बघितलंस?" त्यांनी जपून विचारलं.

"त्या काट्यांत कशाला मरायला जाऊ? दोन्ही तोंडं पूर्ण बंद केल्याचा दाखला आहे. तुमचीच सही आहे, बाबा."

तीस वर्षांची झाकली मूठ होती. गप्प बसलं तर नाव शाबूत राहणार होतं, आणि वटवाघळांची सगळी वस्ती भरावाखाली जिवंत गाडली जाणार होती. तीही लेकीच्या हातून, का तर तिचा बापावर विश्वास. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"ऊन उतरलं की निघू," ते म्हणाले. "कोयता घे."

चढताना दम लागत होता, तरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. बोगदा बंद करताना वरच्या तोंडाची भिंत पुरी होत आली होती, वरचा एकच थर राहिला होता. दिवस मावळला आणि त्या उरलेल्या जागेतून वटवाघळं बाहेर पडायला लागली, अगदी खांद्यांना घासून. गवंड्याने दगड खाली ठेवला आणि म्हणाला, साहेब, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. साहेबांनी स्वतः दगड उचलून पाहिला, पण त्यांच्याच्यानेही झालं नाही. मग पोर आत शिरणार नाही एवढी वीतभर फट ठेवली आणि कागदावर 'पूर्ण बंद' लिहिलं. गवंडी कधीच गेला. साहेब मात्र दर वर्षी ती फट मोजून यायचे, आणि घरच्यांना वाटायचं की म्हातारा तब्येतीसाठी चालतो.

वर पोचल्यावर लेकीने कोयता काढला. तिने झुडपं तोडली. भिंत दिसली, वरची फट दिसली, आणि थोड्या वेळाने पहिलं वटवाघूळ बाहेर आलं. मग त्यांना खंडच नव्हता. तिच्या हातातलं मोजणीचं बटण टकटक वाजत राहिलं. मध्येच तिने बाहीने डोळे पुसले, पण मोजणी थांबवली नाही. आकडा सहाशेच्या वर गेला.

"भिंत खचून फट पडली असं लिहिते," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे? तुमचं नाव कशाला त्यात?"

साहेब भडकले. "खचली? माझी भिंत? ओळंबा लावून बघ!"

त्यांनी तिच्या हातातली वही ओढून घेतली. फट आपण मुद्दाम ठेवली आणि दाखला खोटा दिला, असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिने टॉर्च धरला. त्यांनी खाली सही केली. मग वही परत देऊन ते मान खाली घालून तिच्यासमोर उभे राहिले.

"आता ऐकव," ते म्हणाले. "तासभर तरी."

लेकीने वही पिशवीत ठेवली, त्यांचा हात घट्ट धरला आणि उतारावर पाय जपून टाकायला सांगितलं.