आईच्या पेटीचं कुलूप

माझी धाकटी बहीण वेणू हिच्या हळदीच्या दिवशी सकाळी आईच्या पेटीचं कुलूप उघडेना. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझं लग्न आधीच झालं होतं, मी माहेरी गव्हाणला कामाला हात लावायला आले होते. आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. जाताना एकच सांगून गेली, "येनू माज्या लुगड्यात बोहल्यावर बसंल." ते हिरवं लुगडं त्या पेटीत होतं.

आमचं घर खाडीच्या काठावर, मिठागरापाशी. तिथल्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. म्हणून दादांनी, आमच्या वडिलांनी, होडीला तेल लावता लावता उरलेलं थोडं त्या कुलपातही ओतलं होतं. ते तारली माशाचं तेल. लाकडावर सुकून चामड्यासारखं घट्ट बसतं, म्हणून तर होडीला लावतात. कुलपाच्या पोटात जाऊनही ते तेच करणार, हे आमच्यात कुणाला सुचलं नाही. चावी फिरेना म्हणून महादेवकाकांनी पक्कड लावली आणि अर्धी चावी आतच मोडली.

"आता काय, कुऱ्हाड आना," काका म्हणाले.

वेणू उठली आणि सरळ पेटीवर जाऊन बसली. "आयची पेटी फोडलीव तं मी हलद लावून घेनार नाय. सांगून ठेवतंय."

"आगो, कुलूप फोडतो, पेटी नाय."

"कडीबी आयचीच हाय."

ती नुसती हट्ट करत नव्हती. आई गेल्यापासून त्या पेटीवरून तिने कुणाला हात फिरवू दिला नव्हता. भीमाआत्या, दादांची बहीण, मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. हळद कालवता कालवता ती म्हणाली, "मशिदीच्या मागं याकूबभाई हाय. पेढीवाल्यांच्या तिजोऱ्या तोच खोलतो. लोहाराकडं नका जाव, तो पेटीसकट मोडंल."

भरती लागलीच होती. दादांनी पेटी होडीत ठेवली, मी बरोबर बसले. ओहोटीच्या आत परत निघायला हवं होतं, नाहीतर पनवेलच्या खाडीत नुसता चिखल उरतो आणि होडी तिथेच रुतते. मग संध्याकाळची हळद कसली आणि काय. पनवेलच्या बंदरावर एका अनोळखी माणसाने विचारलंच, "काय दाजी, पोरीला पेटीसकट घराबाहेर काढली काय?" दादांनी पेटी खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले.

याकूबभाईंचं दुकान म्हणजे एक फळी आणि भिंतीवर टांगलेल्या शेकडो चाव्या. माणूस धिप्पाड, दाढीला मेंदी, आवाज मोठा. त्यांनी कुलूप नाकाशी नेलं.

"तारली?"

"तारली," दादा ओशाळून म्हणाले.

"अरे बाबा, कुलूप काय समुद्रात सोडणार होतास?" ते हसले. "याकूबला उघडलं नाही असं कुलूप या पनवेलात अजून यायचंय. पण हे मी उघडणार नाही."

मी विचारलं, "का पण?"

"बेटी, मी लोकांच्या घरी जाऊन कुलूप उघडतो. शेजारचे दोघे समोर उभे करतो, मगच हात लावतो. पेटी खांद्यावर टाकून दुकानात येतो तो कोण, हे मला काय ठाऊक? उद्या कुणी म्हणालं, चोरीची पेटी याकूबने खोलली, तर परवा मला दारात कोण उभं करील? इथे ओळखतं कोण तुम्हाला?"

कुणीच ओळखत नव्हतं. आमचं मीठ शिडाच्या मचव्यातून परस्पर मुंबईला जायचं. पनवेलला ओळख होती ती आत्याची, आणि आत्या घरी हळद कालवत बसली होती. मी वेणूचं सगळं सांगितलं. ते दाढी खाजवत ऐकत राहिले.

"बरं," ते दादांना म्हणाले, "आत काय आहे?"

"बायकोचं लुगडं. आन् काय काय."

"काठ कसला?"

दादा माझ्याकडे बघू लागले.

"वा! बायकोचं लुगडं आणि काठ ठाऊक नाही."

"मी सांगते," मी म्हणाले. "हिरवं लुगडं, लाल काठाचं. ते अगदी वर. खाली खणाच्या दोन चोळ्या, मग चांदीचे वाळे. मीच आईबरोबर घड्या घातल्यात."

"जुळलं तर पेटी तुमची. नाही जुळलं तर पुन्हा कुलूप लावून चावी चौकीत देईन. कबूल?"

मी मान हलवली. त्यांनी कुलपात रॉकेल सोडलं, तार तापवून आत घातली. पिवळा चिकट गाळ बाहेर येऊ लागला. चिमट्याने मोडका तुकडा ओढून काढला, त्यावरून नवी चावी घासायला घेतली. माझं सगळं लक्ष खाडीकडे. शेवटी कुलूप खट्कन उघडलं. याकूबभाईंनी ते मुठीत धरलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"कुलूप माझं, झाकण तुमचं. दुसऱ्याच्या पेटीत मी बघत नाही. बोल बेटी, वर काय आहे?"

मी झाकण उचललं. वर लुगडं नव्हतंच. जाडंभरडं, पिवळट पडलेलं काहीतरी होतं.

ते बघत नव्हते. लुगडंच आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. पण पाठ फिरवून बसलेल्या त्या माणसाशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"वर धोतर आहे," मी म्हणाले.

"धोतर?" दादा पुढे वाकले. "आरं, ह्ये तं माजं! लग्नातलं! किती वेला इचारलं तिला! म्हनायची, उंदरांनी खाल्लं!"

याकूबभाईंच्या पाठीलाच आधी हसू फुटलं, मग ते वळले. डोळे पुसत म्हणाले, "चोर असता तर सगळं पाठ करून आला असता. बायकोने काय दडवलंय हे ज्याला ठाऊक नाही, तो नवराच. घ्या पेटी! आणि मियाँ, पुढच्या खेपेला तेल होडीलाच लावा."

धोतर आईने मागाहून वर ठेवलं असावं; त्याखाली लाल काठाचं हिरवं लुगडं तसंच होतं. मी हात लावून पाहिलं आणि फळीलाच टेकून बसले.

ओहोटी लागता लागता आम्ही बंदर सोडलं. दादा वल्हं मारत होते आणि मधेच हसत होते. "उंदरांनी खाल्लं!" म्हणायचे आणि पुन्हा वल्हं. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

वेणू दारातच उभी होती. लुगड्याचं काही विचारलं नाही, आधी पेटीची कडी चाचपून पाहिली. मग माझ्या हातातून नवी चावी घेऊन कुलूप लावलं, उघडलं, लावलं, उघडलं.

"आगो, पुरं!" आत्या आतून ओरडली. "पुन्ना मोडशील. हलद सुकत चालली हितं!"

"येतंय, येतंय," वेणू म्हणाली आणि आणखी एकदा चावी फिरवली.