मोकळ्या बाया

टक्. टेबलावरची बॉबिन, शिवणयंत्रातली दोऱ्याची छोटी रीळ, पडली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. दुपारच्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. तिने श्वास रोखून लेकीकडे पाहिलं. लेक कुशीवर वळली, मूठ गालाखाली घेऊन पुन्हा झोपली. तापातून उठल्यापासून तिची झोप अशीच पाखरासारखी झाली होती. त्याच तापात आईचं काम गेलं. कारखान्यातल्या तिच्या यंत्राची ही बॉबिन तेवढी चुकून पिशवीतून घरी आली होती.

दप्तरं शिवायचा तो कारखाना तिने, धाकट्या दिराने आणि शेजारपाजारच्या बायांनी मिळून उभा केला, तेव्हा दिराचा एकच घोषा होता. सरकार नको, साहेब नको, दाराला कुलूप नको. यंत्र जी चालवील तिचं. 'मालक' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याने त्या दिवशी सगळा कारखाना झाडायचा. बाया मुद्दाम एकमेकींच्या तोंडून तो शब्द काढत आणि हसून बेजार होत.

मग धंद्याने बाळसं धरलं. 'सरकार नको' राहिलं, पण त्याला आता 'मोकळा करार' येऊन चिकटला. पटेल त्याने राहावं, न पटेल त्याने जावं. अटी मात्र दीरच ठरवू लागला. लेक बरी झाल्यावर ती कामावर गेली, तर तिच्या यंत्रावर दुसरीच बसलेली.

"वहिनी, इथे कुणी कुणाला काढत नाही," दीर मधाळ आवाजात म्हणाला. "तुम्ही मोकळ्या आहात."

नवरा म्हणाला, जाऊ दे, धाकटा आहे. तिने जाऊ दिलं नाही. रात्ररात्र लेकीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारे हात, त्यांना हा मोकळे म्हणतो. ते जिव्हारी लागलं होतं.

घाई केली नाही तिने. शाळेच्या फाटकाशी, वाण्याच्या दुकानात एकेकीला गाठलं. रडगाणं गायलं नाही. फक्त विचारत गेली, उद्या तुझं पोर आजारी पडलं तर तुझ्या यंत्रावर कोण बसेल?

मोठी मागणी पुरी करायची होती, नेमक्या त्याच सकाळी ती लेकीला हातगाडीवर बसवून कारखान्यात शिरली. बायांनी शिवण थांबवली आणि यंत्रं उचलली. दीर दारात आडवा झाला.

"करार मोकळा आहे ना, भावजी?" ती म्हणाली. "आम्हाला नाही पटत. निघालो. यंत्र चालवणारीचं, तुमचाच शब्द."

त्याने फोन काढला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. बायांमध्ये थोरली, जिला सगळ्या काकू म्हणत, तिने साळसूदपणे विचारलं, सरकार तर नको होतं, मग हे पोलीस कुठून, भाड्याने आणणार का? बाया खुदखुदल्या. दिराचा तोल गेला.

"मी मालक आहे इथला."

काकूंनी कोपऱ्यातला झाडू आणून त्याच्यापुढे धरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने तो घेतला. घेतल्यावर त्याला कळलं. एका हातात फोन, दुसऱ्यात झाडू. दार अडवायला हातच उरला नाही. यंत्रं त्याच्या बाजूने बाहेर गेली. तिने मागे वळून त्याला डोळे भरून पाहून घेतलं. हे तिला पुढे कितीतरी दिवस चवीचवीने आठवायचं होतं.

दुपारपर्यंत तिच्या बाहेरच्या खोलीत यंत्रं लागली. मोठ्या मागणीच्या गिऱ्हाईकालाही तिने निरोप धाडला, माल आता इथूनच मिळेल. कोणी खिडकीशी बसायचं, कोणी भिंतीशी, हे ती सांगत गेली आणि बाया ऐकत गेल्या. तिच्या यंत्रावर बसलेली ती नवी निघताना म्हणाली, उद्या जमायचं नाही, पोराला दवाखान्यात न्यायचंय.

"उद्याच? मागणी अंगावर आहे गं," तिच्या तोंडून निघून गेलं. "बघ काहीतरी. आणि वेळेवर ये."

नवीने मान खाली घालून चपला सरकवल्या.

लेक पलंगाखालची बॉबिन काढून दोऱ्यात ओवत बसली होती. तिने दाराबाहेर पडणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, ती मावशी मोकळी नाहीये का?"