भासऱ्याने विचारायचं नसतं

आमच्या आसगावात काही घरांत अजून भासऱ्याशी बोलत नाहीत. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर पदर ओढायचा, त्याच्यादेखत बाजेवर बसायचं नाही, आडवं तर व्हायचंच नाही, आणि त्याला चुकूनही हात लागू द्यायचा नाही. माझा धाकटा भाऊ गोपीचंद याची बायको या घरात आली त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती आणि मी तिच्याशी. माझी बायको होती तोवर आमचा निरोप तिच्यामार्फत जायचा. ती गेल्यावर आम्ही गोठ्यातल्या वासराशी बोलू लागलो. "जेवण झालं म्हणा," असं गोपीचंदची बायको गोठ्याकडे बघून म्हणायची आणि मी हात धुवायला उठायचो. नातवंडं हसायची. मला मात्र ते सोयीचंच होतं. पवनीच्या एका शाळेत मी ग्रंथालयाचा बाबू होतो. माणसांशी बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते, ती आजही.

रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. गोपीचंद, त्याचा मुलगा अंकुश आणि सून मोनिका सकाळीच बांधीत, धानाच्या शेतात गेले होते. रोवणाऱ्या बायांचा दुपारचा स्वयंपाक करायचा म्हणून गोपीचंदची बायको घरी थांबली होती. मी सपरीत, घरापुढच्या ओसरीवर वाचत बसलो होतो.

साडेनऊला तिने चहा आणला. कप ठेवला आणि लगेच न वळता खांबाला धरून उभी राहिली. इतका वेळ ती माझ्यासमोर कधी थांबत नसे. मी मान वर केली नाही. मला फक्त तिचे पाय दिसत होते. एक पाऊल टाकून ती थांबली, मग बऱ्याच वेळाने दुसरं टाकलं.

"बरं नाही का म्हणा," मी वासराला विचारलं.

"पित्त हाय म्हणा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "वाकू वाकू पाठ धरली. होते कमी."

आवाजात धाप होती. मग पाट सरकला आणि कोणी एकदम खाली बसल्यासारखा आवाज आला. मी घरात असेपर्यंत ती आडवी होणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मला जे शहाणपणाचं वाटलं ते मी केलं. चपला घातल्या, तिला ऐकू जाईल असा खाकरलो आणि घराबाहेर पडलो. निदान घटकाभर निजेल.

समोर बायजाबाईच्या अंगणात आंब्याखाली मी बसलो. चाळीस मिनिटं बसलो. हा आकडा मी नंतर घड्याळाशी पुन्हापुन्हा ताडून पाहिला आहे.

पुस्तक उघडं होतं, पण डोक्यात दुसरंच छापील चाललं होतं. मागच्या महिन्यात उपकेंद्रातल्या शिबिरातून मोनिकाने एक पातळ पुस्तिका आणली होती. घरात कोणी ती उघडली नाही. छापील दिसलं की मी वाचतो, म्हणून मी वाचली. त्यात दोन पानं बायकांच्या हृदयविकारावर होती. झटका आला की बाईला छातीत कळ येईलच असं नाही, असं लिहिलं होतं. कधी जबडा दुखतो, कधी मान, कधी पाठ दोन खांद्यांच्या मधोमध. मळमळतं, थंड घाम फुटतो, दम लागतो, अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं वाटतं. बाया त्याला पित्त समजतात आणि कामाला लागतात.

पाठ आणि धाप, मी मोजलं. पण रोवण्यात कोणाची पाठ दुखत नाही? आणि मी कोण? मागच्या वर्षी असंच काहीबाही वाचून मी नातवाला मेंदूज्वर झाल्याचं ठरवलं होतं आणि सगळ्या घराला भंडाऱ्यापर्यंत पळवलं होतं. निघालं साधं पडसं. तेव्हापासून कोणी शिंकलं की अंकुश म्हणतो, "मोठ्या बाबाले पुस्तक काढाले सांगा."

बायजाबाई टोपली घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, जरा घरात डोकावून ये.

"काहून, तुमीच तं आत्ता घरून आले ना बाबूजी?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "अरे हो, तुमी भासरे नाही का!"

ती लवकरच परत आली. "काही नाही, पित्तच हाय. एक उलटी झाली. दाढबी ठणकून राहिली म्हणते. ओवा देल्ला चावाले."

"दाढ की जबडा?"

"जबडाच म्हना. दोन्हीकडून."

"घाम आला आहे का?"

"या उमशीत घाम नाही येणार तं काय थंडी वाजन?"

"झोपली का पण?"

"कुठची झोपते! भितीले टेकून बसली हाय. पडलं का दम कोंडते म्हणते."

म्हणजे मी बाहेर बसलो होतो त्याचा काहीच उपयोग झाला नव्हता. तिला निजताच येत नव्हतं आणि तिच्याजवळ कोणी नव्हतं.

मी गोपीचंदला फोन लावला. वाजत राहिला. बांधीत फोन पिशवीत असतो आणि पिशवी शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या झाडाला. अंकुशचंही तेच. मग एकशेआठचे आकडे दाबले आणि थांबलो. पुन्हा पडसं निघालं तर? गाडी दारात येईल, गाव गोळा होईल. अंगठा बटणावर तसाच राहिला. शेवटी जबडा हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून दाबला.

पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला. तिने गाव विचारलं, वय विचारलं, काय होतंय ते विचारलं. मग म्हणाली, "दुखणं हातात जातंय का?"

"माहीत नाही."

"छातीवर दाब आहे का? कधीपासून?"

"माहीत नाही."

"काका, तुम्ही पेशंटजवळच आहात ना?"

"बाहेर आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"भांडण आहे का?"

"नाही." याहून जास्त मला सांगता येईना.

"गाडी निघाली आहे. पण मला उत्तरं लागतील. आत जा आणि त्यांनाच विचारा. मी फोनवर आहे."

गोपीचंदची बायको स्वयंपाकघरात असताना मी तो उंबरठा कधी ओलांडला नव्हता. चुलीवर भाजी खदखदत होती. ती भिंतीला टेकून बसली होती. माझे पाय दिसताच तिने पदर आणखी खाली ओढला आणि तो तिच्या तोंडाला चिकटला. कपडा पाण्यातून काढावा तसा भिजला होता. सकाळपासून त्या पदराआड काय चाललं होतं, ते मला आता दिसलं.

"कुठं दुखते?" मी विचारलं.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अगा माय, बाबूजी!" मागून बायजाबाई ओरडली. "भासरे असून चुलीजोळ आले? जरा तं लाज ठेवा!"

"विचारलंत का काका?" कानाशी फोन.

"सत्यभामाबाई," मी म्हणालो. हे नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "मी तुमालेच विचारून राहिलो. मले सांगा."

मग पदराआडून, एकेक शब्द तोडत, उत्तर आलं. "जबड्यात. पाठीत, मधात. अन् हा हात जड झाला."

"छातीत?"

"दुखत नाही. कोणी बसल्यावानी वाटते."

"कधीपासून?"

"पहाटे आलं अन् गेलं. आता नवापासून जातच नाही."

मी सगळं फोनमध्ये सांगितलं. मुलगी म्हणाली, चालवू नका, पाठीला आधार देऊन बसतंच ठेवा, आणखी काही खायला देऊ नका. तोवर बायजाबाईने पुढे होऊन तिचा हात धरला होता. "बर्फावानी हाय वो हात," ती हळूच म्हणाली.

गाडी आली तेव्हा ती उठायला तयार नव्हती. "मी नाही जात. बाया उपाशी राहतीन. भाजी लागन."

"भाजी मी पाहीन ना! तू जाय व माय," बायजाबाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आमचा बोळ अरुंद. स्ट्रेचर वळेना. गाडीवरचा माणूस म्हणाला, "काका, खांद्याखालून धरा." मी धरलं. माझ्या हातात तिचं अंग एकदा आखडलं, मग ढिलं पडलं. ते ढिलं पडणं लाज सुटल्याचं होतं की जीव सुटत असल्याचं, हे मला गाडीत चढेपर्यंत कळत नव्हतं.

पवनीच्या सरकारी दवाखान्यात तिच्या छातीला तारा लावल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी बघितली, तिचा फोटो मोठ्या डॉक्टरांना पाठवला आणि काही मिनिटांतच माझ्याकडे आल्या. "झटकाच आहे. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल, जितकं लवकर तितकं बरं. त्यात कुठे रक्तस्राव व्हायचा थोडा धोका असतो. तुम्ही पेशंटचे कोण?"

"भासरा."

त्यांना ते समजलं नाही. "मिस्टर कुठे आहेत?"

"बांधीत. फोन उचलत नाही."

त्या खाटेकडे गेल्या आणि हेच सगळं तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग पदर बाजूला करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तिचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. ओठ राखेसारखे झाले होते.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमी वाचलं असन."

मी दोन पानं वाचली होती. त्यात या इंजेक्शनाबद्दल एक ओळ होती. ती ओळ आठवायचा प्रयत्न केला तर शब्द पुढेमागे होऊ लागले. जन्मभर मी असाच कडेला उभा राहून दुसऱ्यांनी ठरवलेलं वाचत आलो. डॉक्टरीणबाई हातात कागद धरून थांबल्या होत्या.

"घ्या," मी म्हणालो.

तिने सही केली. मग कागद माझ्यापुढे आला आणि खाली मीही केली.

अर्ध्या तासाने तिने जबड्यावर हात फिरवला. "उतरलं वाटते," म्हणाली. मी तरीही घड्याळाकडे बघत होतो. बायजाबाईने धाडलेला निरोप पोचून गोपीचंद आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, आणि आल्याआल्या माझ्यावरच ओरडला, "दादा, फोन काहून नाही केला?" मी अकरा वेळा केला होता. मी त्याला तिच्या खाटेशी नेलं. तासाभरात तिला नागपूरला नेलं. तिथे नस मोकळी केली.

ती वाचली. पण नागपूरच्या डॉक्टरांनी अंकुशला सांगितलं की हृदयाचा एक भाग कमजोर झाला आहे आणि तो तसाच राहील. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता. अंकुश ते विसरला. गावात तो सांगत फिरतो की मोठ्या बाबांनी आईला वाचवलं. लोक मला रस्त्यात थांबवतात आणि मी खाली बघत पुढे जातो.

महिन्याने एके दिवशी ती सपरीत तांदूळ निवडत बसली होती. मी पुस्तक बंद केलं आणि तिला ते सांगितलं. आंब्याखालची चाळीस मिनिटं, मोजूनमापून सगळं.

तिने सूप हलवणं थांबवलं नाही. "तुमी चाळीस मिनिटं धरून बसले," ती म्हणाली. "मी पहाटेपासून धरून बसली होती. बाजूले नवरा निजला होता, त्याले नाही सांगतलं. रोवणा खोळंबन म्हणून. मंग मी कोनाले सांगू?"

एवढं बोलून तिला धाप लागली होती. तिने सूप खाली ठेवलं, एक हात जमिनीवर टेकला आणि डोळे मिटले. मी खिशातला फोन काढून हातात घेतला. श्वास आधी भराभर चालला, मग थोडा लांबला. मी मनात पंचवीसपर्यंत मोजलं. मग तिने डोळे उघडले आणि तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.