तीन आखूड हाका

मला पाहिलं की मुलं आधी कानांवर हात ठेवतात. ठेवू नका, मित्रांनो. माझ्या पोटात वाफ जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी वीजघराचा म्हातारा भोंगा. अंग पितळेचं, कडा चेपलेल्या, आणि मुक्काम सध्या एका सिमेंटच्या चौथऱ्यावर. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आज तुम्हालाच धरून बसवलं आहे.

ज्या कारागिराने मला ओतलं, तो दोन्ही कानांनी ठार बहिरा होता. जन्मभर भोंगे वाजवून पाहिल्यावर दुसरं काय होणार! तो माझ्या अंगावर तळहात ठेवायचा आणि थरथरीवरून सूर जोखायचा. सूर जमला तेव्हा त्याने मला एक सणसणीत चापट मारली. ती मी अजून शाबासकीच समजतो.

मग मला कोळशावर चालणाऱ्या वीजघराच्या छपरावर चढवलं. खाली बॉयलरची भट्टी, शेजारी उंच चिमणी आणि समोर कामगारांची वसाहत. काय दिवस होते ते! माझ्या आवाजावर घड्याळं लावली जात, डबे भरले जात, पोरं शाळेकडे धूम ठोकत. पलीकडच्या वस्त्यांत पहिल्यांदा दिवे लागले, त्या संध्याकाळी माणसं दिव्याखाली उभी राहून नुसती एकमेकांचे चेहरे बघत होती. त्या उजेडात आपलाही खारीचा वाटा आहे, या विचाराने मी फुगून गेलो होतो. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

माझी साखळी ज्यांच्या हाती होती, ते बॉयलरवाले आप्पा. माणसांशी मोजकं बोलायचे, पण बॉयलरशी त्यांच्या गप्पा संपत नसत. "चल बाळा, आज नाटकं करू नकोस," असं त्या अगडबंब धुडाला समजवायचे. त्यांची मुलगी अगदी काडीसारखी, म्हणून सगळी वसाहत तिला ढमी म्हणायची.

बॉयलरच्या नळ्यांवर काजळी साचते. ती साचली की आप्पा वाफेचा झोत मारून झाडत, आणि झाडलेलं सगळं चिमणीवाटे वसाहतीवर उतरत असे. याला ठरलेली वेळ नव्हती. एके दिवशी आप्पांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, करड्या झालेल्या चादरी घेऊन थेट फाटकावर आल्या.

"अहो, राख टाकायची तर टाका, पण आधी सांगत तरी जा! तिसऱ्यांदा धुतेय मी हे."

त्या दिवसापासून काजळी झाडण्याच्या पाच मिनिटं आधी मी तीन आखूड हाका देऊ लागलो. त्यांचा अर्थ एकच होता, कपडे आत घ्या. काय धांदल उडायची म्हणून सांगू! कुणी पिठाचे हात तसेच घेऊन धावायचं, कुणी केस धुता धुता. ज्यांच्यात वर्षभर अबोला होता, त्याही एकमेकींचे कपडे ओढून दारात टाकायच्या. निवृत्त मास्तर एकदा अंगावरच्या साबणासकट टॉवेल सावरत दोरीपाशी पोचले होते. हे सगळं वरून पाहताना मला वाटायचं, या माणसांची काळजी घेणारा मीच.

पुढे नवे साहेब आले.

"आप्पा, त्या तीन हाका आजपासून बंद," ते म्हणाले. "आता राख टाकतोय, हे आपणच ओरडून सांगायचं? उद्या कुणी तक्रार केली तर हाच पुरावा होईल."

"साहेब, कपडे खराब होतात लोकांचे."

"कपड्यांचं लोक बघतील. तुम्ही बॉयलर बघा. नोकरी आणि कंपनीचं घर, दोन्ही हवंय ना?"

आप्पांनी मान खाली घातली. अठरा दिवस त्यांनी त्या हाकांसाठी साखळीला हात लावला नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ढमी अंगणात उन्हाला बसली होती. सात वर्षांची पोर नुकतीच तापातून उठली होती. आप्पा खाली झोत मारू लागले आणि राख उतरली. ढमीला खोकला लागला तो थांबेचना. ओठ निळे पडले. काकूंनी तिला उचललं आणि दवाखान्याकडे धाव घेतली. मी हे सगळं छपरावरून पाहत होतो. माझ्या नळीत वाफ तयार होती, पण साखळी ओढल्याशिवाय मला ओरडता येत नाही. इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

ढमी वाचली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी साहेबांच्या देखत साखळी तीनदा ओढली. त्यांची रवानगी कोळशाच्या आवारात झाली. मग वसाहतीतल्या बायकांनी राखेने माखलेल्या चादरी साहेबांच्या कार्यालयाच्या कुंपणावर रोज वाळत घालायला सुरुवात केली. आठवड्याभरात साहेबांनी नाक मुठीत धरून हुकूम मागे घेतला आणि आप्पा परत आले. वसाहतीने त्यांना डोक्यावर घेतलं, माझंही कौतुक झालं.

काकू मात्र हसल्या नाहीत. दुपारी डबा द्यायला आल्या आणि जिन्याशीच थांबल्या.

"हाक आली की कपडे काढून घेते हो. पोरीला कुठे नेऊ?"

शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ढमीला दूर, मावशीकडे ठेवलं. ती सुट्टीत यायची, चार दिवसांत खोकू लागायची आणि परत जायची. मागे तिच्या फ्रॉकची जागा दोरीवर रिकामी राहायची. मला ती रोज दिसायची.

आणखी वीस वर्षं आम्ही कोळसा जाळला. भट्टीतली राख जिथे टाकत, ते मैदान पसरत गेलं. नदी करडी झाली, मासे दिसेनासे झाले. धुरातून न दिसणारा वायूही जातो आणि साऱ्या पृथ्वीची हवा तापवतो, हे मला फार उशिरा कळलं. मग एक दिवस वीजघर बंद झालं. थंड पडलेल्या बॉयलरवर हात फिरवून माणसं घरी जात होती. काहींना पुढे काम मिळालं, काहींना नाही. मी भंगारात पडलो. गांधीलमाश्यांनी माझ्या तोंडात घर केलं.

तिथून मला शोधून काढलं ते ढमीने. ती आता इंजिनिअर आहे. राखेच्या मैदानावर माती टाकून तिच्या लोकांनी सौर पॅनल उभी केली, टेकडीवर पवनचक्क्या लावल्या आणि मला फाटकाजवळ बसवलं. ढमीच्या खिशात श्वास मोकळा करणाऱ्या औषधाचा पंप अजून असतो.

थकलेले आप्पा संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसतात.

"ना धूर, ना धडधड. हे वीजघर आहे की वाचनालय?" ते तिला चिडवतात. "आणि सूर्य मावळला की?"

"दुपारची वीज बॅटरीत साठवतो, बाबा. शिवाय वारा आहेच."

"हेही जुनं होईल एक दिवस."

"होईल की. तेव्हा ही जुनी पॅनल कुणाच्या दारात नेऊन टाकायची नाहीत, याची सोय आत्ताच करतोय."

परवा आप्पा अचानक म्हणाले, "ढमे, ते एकोणीस दिवस मी भोंगा वाजवला नाही. घाबरलो गं. माझ्यामुळे तू घराला मुकलीस."

ढमी पॅनल पुसत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, त्या एकोणीस दिवसांचं काय घेऊन बसलात? भोंगा वाजायचा तेव्हाही आई दार लावून घ्यायची आणि मी दाराआड खोकायचे. भोंग्याच्या आवाजात तुम्हाला ते कधी ऐकूच आलं नाही."

आप्पा उठले, तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि पुढचं पॅनल पुसू लागले.

मित्रांनो, मी जन्मभर स्वतःला राखणदार समजत होतो. त्या पोरीच्या खोकल्यावर माझाच आवाज चढला होता, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला कुणी वेळेवर सावध केलं, तर कपडे जरूर आत घ्या. पण तेवढ्यावर दार लावून बसू नका. घरात कोण खोकतंय ते ऐका, आणि राख कुठून येते तिथे जाऊन विचारा.