मी दाबलेली शर्यतीची वाट

हसू नका, मित्रांनो. कुंपणाला टेकून पडलेला हा काळा गोल दगड तुमच्याशीच बोलतो आहे. मी एक जुना दगडी रूळ आहे, रस्ते दाबणारा. उभे राहिलात तर मी तुमच्या छातीला लागेन. मला हलवायला आठ पैलवान लागतात, आणि तेही दूध-बदाम खाणारे. मी बढाई मारत नाही. जे आहे ते सांगतो.

माझा जन्म जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी एका खाणीत झाला. जोतीराम नावाच्या पाथरवटाने मला दोन महिने घडवलं. तो डोळे मिटून माझ्यावरून तळहात फिरवायचा आणि हाताला जिथे खडबड लागेल तिथे पुन्हा टाकी चालवायचा. त्याची बायको एकदा म्हणाली, "एवढा चांगला धोंडा! देवळाचा खांब तरी करायचा हुतासा की."

"खांब एका जागी हुभा ऱ्हातोय," जोतीराम म्हणाला. "ह्यो चार गावं बघंल."

आणि बघितली मी! आपल्या शाहू महाराजांच्या राज्यात तेव्हा रस्त्यांची कामं जोरात होती. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मी राबलो. राधानगरीकडे धरणाचा दगड वाहणाऱ्या गाड्यांसाठी वाटा केल्या, तिथेही राबलो. माझ्यापुढे बनाबाई घागरीने पाणी शिंपडत चालायची. बाई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की बैल थबकायचे. ती जमिनीवर टाच दाबून बघायची आणि सांगायची, "थांबा. अजून वली हाय. रुळाला माती चिकटंल." मुकादमसुद्धा तिच्या टाचेचं ऐकायचा. मीही ऐकायचो.

मग वाफेवर चालणारा लोखंडी रूळ आला. धूर काय, शिट्टी काय! लोक त्याच्यामागे धावत सुटले आणि मला रंकाळ्यापलीकडच्या माळावर सोडून गेले. शेळ्या माझ्या अंगाला अंग घासायच्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. भारी वाटलं. पण दगडाने रडायचं तरी कुठून?

त्या माळाजवळूनच पन्हाळ्याच्या रस्त्याला लागता यायचं. त्यामुळे दर रविवारी सकाळी पाच-सहा सायकलवाले तिथे जमायचे. सायकल टेकवायला माझ्यासारखी सोयीची जागा साऱ्या माळावर नव्हती. त्यांचा म्होरक्या होता सिकंदर. मंगळवार पेठेत टांग्याच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्याचं त्याचं दुकान होतं. त्याचा धाकटा भाऊ मौला बावीस वर्षांचा, सडपातळ आणि वाऱ्यासारखा पळणारा. तिसरे अण्णा, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. ते धोतराचा काचा मारून सायकलवर बसत आणि नेहमी शेवटी येत. ही मंडळी रस्त्यावर शर्यती लावायची. कोल्हापुरात सायकली मोजक्याच होत्या, पण हौस मोजक्यात मावणारी नव्हती.

एका रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याच्या वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. एका म्हशीला चुकवायला गेलेला सिकंदर खडीच्या ढिगावर आदळला. त्याला बैलगाडीत घालून परत आणलं तेव्हा मी पाहिलं. उजवा गुडघा फुटला होता. हाड जुळलं, पण पाय कायमचा ओढत राहिला. सिकंदर पुन्हा शर्यतीला बसला नाही.

त्यानंतर हुकूम निघाला, की रस्त्यावर शर्यती बंद. अण्णांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, "आम्हांस शर्यतीसाठी वेगळी वाट बांधू द्यावी." बांधकाम खात्याचे एक साहेब माळावर आले. माणूस सरळ होता. ते म्हणाले, "जागा वापरा. वाट बांधा. कोजागिरीच्या सकाळी मी टांगा घेऊन येईन आणि एक फेरी मारीन. चाक बोटभर जरी रुतलं, तर हा माळ पुन्हा गुरांना चरायला."

सिकंदर माझ्यावर हात टेकून उभा होता. त्याला वाट कशासाठी हवी होती ते सांगतो. हुकूम निघाला तरी मौला पहाटे उठून चोरून पन्हाळ्याच्या रस्त्यावर जात होता. त्या रस्त्यावर म्हशी होत्या, उसाच्या गाड्या होत्या, तेच वळण होतं. भावाला घरात बांधून ठेवता येत नाही, हे सिकंदरला ठाऊक होतं. त्याला पळायला जागा देणं एवढंच त्याच्या हातात होतं.

आता कोल्हापुरात दहा माणसांचं काम निघालं की माणसं कुठे जातात? तालमीत! सिकंदर पेठेतल्या तालमीच्या वस्तादांकडे गेला. बाळासो वस्ताद म्हणजे कान मोडलेले, मान हरवलेली, मनाने लोण्यासारखा माणूस. ते तीस पैलवान घेऊन माळावर हजर झाले आणि गरजले, "मातीचं काम हाय न्हवं? मग मास्तर, तुमी सावलीला बसा. माती म्हंजे आमचा जीव!"

आणि मित्रांनो, त्यांनी काय केलं असेल? पाव मैलाची लांबट गोल वाट हातभर खोल खणली. तांबडी माती आणून चाळली. तिच्यात ताक ओतलं, तेल ओतलं, हळद घातली, लिंबं पिळली. सकाळ-संध्याकाळ फावड्याने वरखाली केली. आखाड्याचा हौदा जसा करतात तशी ती माती त्यांनी मऊ, भुसभुशीत, सुगंधी करून ठेवली. साऱ्या माळावर ताकाचा वास सुटला.

अण्णांनी भीतभीत माझ्याकडे बोट दाखवलं. "वस्ताद, हा रूळ फिरवायचा का?"

"आरं देवा!" वस्ताद ओरडले. "मास्तर, माती चेपली की मरती. तिला श्वास घ्याया लागतोय."

अण्णांनी बोट मागे घेतलं. मातीच्या बाबतीत वस्तादांपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती. मी मात्र आतल्या आत चरफडत होतो. अरे, मी इथे पडलोय! रस्ता दाबायलाच माझा जन्म झाला! पण मला विचारतो कोण?

कोजागिरीला बारा दिवस उरले होते. मौलाने सायकल काढली. पाच हात गेला असेल नसेल, पुढचं चाक मातीत अर्धं बुडालं आणि स्वारी कोलांटी खाऊन पलीकडे पडली. हळदीने पिवळा झालेला मौला उठला आणि म्हणाला, "वस्ताद, पडाया लई झ्याक हाय. पळाया न्हाय!"

पैलवान हसले. सिकंदर हसला नाही. मौलाचंही हसू लगेच ओसरलं.

"दादा, झालं ह्ये," तो म्हणाला. "ह्या आयतवारी मी पन्हाळ्याच्या रस्त्याला जानार. चोरून न्हाय, सांगून जानार."

"मौला, माझा एक गुडघा गेला तेवढा बास न्हाय व्हय?"

"मग मी काय करू? पळू नको?"

सिकंदर खाली बसला आणि आखाड्याची ती मऊ माती मुठीत घेऊन नुसता बघत राहिला. वस्तादांची मान, होती नव्हती तेवढी, खाली गेली. एवढा मोठा माणूस, पण मला त्याची दया आली. त्याने जीव ओतून चूक केली होती.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई माझ्याजवळ थांबली. बनाबाई! केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. तिने वाटेवर टाच दाबली. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"काय वो पावणं, हितं कुस्त्या हायत का?"

"सायकली पळवायच्या हायत, मावशी," सिकंदर म्हणाला.

बनाबाईने भारा खाली टाकला. "आन वस्ताद, तुमी शेतकऱ्याचं ल्योक न्हवं? रानात खळं कसं करतासा?"

वस्ताद चाचरले. "खळं? पानी मारायचं, तुडवायचं, चोपायचं, शेनानं सारवायचं..."

"कशापायी?"

"दाना मातीत जाऊ ने म्हनून."

"मग चाक मातीत जाऊ ने म्हनून काय करायचं?"

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. तीस पैलवानांपैकी प्रत्येकाच्या शेतात दरवर्षी खळं होत होतं. पण तालमीत पाऊल टाकलं की माती मऊच करायची, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवसापासून माळावर हुकूम चालला बनाबाईचा. मौलाला ती म्हणाली, "कोजागिरीपातूर दम धर. मग कुटंबी जा." मौलाने मान डोलावली आणि त्या रविवारी तो गेला नाही.

मऊ माती उपसली गेली. खाली खडी, वर मुरूम. रंकाळ्याचं पाणी पखालींनी आलं. रब्बीच्या पेरण्यांचे दिवस, बैल कुणाचेच मोकळे नव्हते. वस्ताद म्हणाले, "बैल कशाला? आजपासनं जोर-बैठका माफ. रूळ वडायचा!"

माझ्या आसाला दोर बांधले आणि आठ पैलवानांनी मला जागचा हलवला. किती वर्षांनी! माझ्या अंगाखाली मुरूम करकरला आणि मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. पुढे बनाबाई, टाच दाबत. मागे अण्णा, हातात कागद. कागदावर त्यांनी वळणाची बाहेरची कड हातभर उंच काढली होती, म्हणजे वेगात सायकल बाहेर फेकली जाऊ नये. बनाबाईने कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये तुमचं बेस हाय." अण्णा दिवसभर त्या आनंदात होते.

पण त्याच उतरत्या वळणावर माझी फजिती झाली. दोर तुटला, मी गडगडत खाली गेलो आणि एका खडकावर आपटलो. माझ्या कडेची वितभर ढलपी उडाली. त्यानंतर मी फिरेन तिथे दर फेऱ्याला वाटेवर एक उंचवटा उठू लागला. ज्या कामाचा एवढा दिमाख मिरवत होतो, तेच मी नासवत होतो. सांगायला लाज वाटते, पण मी घाबरलो.

बनाबाईने माझी खाण कुठली ते सांगितलं. सिकंदर लंगडत तिथे गेला आणि जोतीरामला घेऊन आला. म्हातारा झाला होता तो. त्याने डोळे मिटून माझ्यावर तळहात फिरवला आणि पुटपुटला, "माझं हाय ह्ये पोरगं." दोन दिवस बसून त्याने माझी कड पुन्हा सारखी केली. मी बोटभर बारीक झालो, पण गोल झालो.

कोजागिरीची सकाळ उजाडली. साहेबांचा टांगा आला. मंगळवार पेठेतली निम्मी माणसं माळावर होती. सिकंदरची आई रोशनबी बुरख्याची जाळी वर करून, डोळे मिटून उभी होती. टांगा निघाला. सरळ वाट झाली, वळण झालं, पुन्हा सरळ वाट. साहेब खाली उतरले, चाकाच्या खुणेत बोट घालायला वाकले. बोट घालायला जागाच नव्हती! नुसती एक पांढुरकी रेघ उमटली होती.

"माळ तुमचा," साहेब म्हणाले.

मग जो आरडाओरडा झाला! वस्तादांनी बनाबाईला हात जोडले. मौलाने सायकल काढली आणि असा सुटला की उंच वळणावर त्याचं चाक दिसेनासं झालं. वाटेत ना म्हैस, ना गाडी. सिकंदर माझ्याजवळ उभा होता. "पळ मौला, पळ!" म्हणून ओरडता ओरडता तो रडायला लागला, आणि त्याने डोळे पुसलेसुद्धा नाहीत.

मित्रांनो, या गोष्टीला आठ वर्षं झाली. पहिली चार वर्षं दर पावसाळ्यानंतर मला वाटेवर फिरवलं. मग बनाबाई वारली. वस्ताद थकले. अण्णांची बदली झाली. लोकांना माझं कौतुक मात्र फार. खंडेनवमीला येतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. आता तर कुणीतरी शेंदूर फासून नारळही फोडला. नमस्कार करून जातात आणि दोराला कुणी हात लावत नाही.

वाट बघा तिकडे. भेगा पडल्या आहेत, वळणावर गवत आहे. गेल्या रविवारी तुमच्यापेक्षा थोडी मोठी चार पोरं सायकली घेऊन आली. एकाचं चाक भेगेत अडकलं. "ह्यात काय पळायचं?" म्हणाला, आणि चौघं पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली. सिकंदर इथेच बसला होता. उठायला गेला, गुडघ्याने दगा दिला. हाका मारत राहिला बिचारा. ती पोरं त्या दिवशी सुखरूप परतली. दर वेळी परततील, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी काही मोडलेलो नाही. माझी कड सारखी आहे, आस शाबूत आहे, वजन तेवढंच आहे. आठ पैलवान नसतील तर तुम्ही वीस जण या. पाणी शिंपडा, टाच दाबून बघा आणि मला ओढा. फुलं नकोत, नारळ नको, देवपण तर मुळीच नको. मी दगड आहे, कितीही वर्षं थांबेन. पण उद्या रविवार आहे, आणि ती चार पोरं थांबणार नाहीत. पळत जा आणि दोर घेऊन या.